आमचे वावडे

आम्ही मूळचे राळेगणसिद्धीचे, असे एखाद्या नव्या गृहस्थास सांगितले की त्याच्या मुद्रेवर प्रथम आदर उमटतो, व लगेच तो आमच्या पोटाच्या घेराकडे पाहतो. उपोषणास हा मनुष्य किती दिवस टिकेल, याचा तो अदमास घेत असावा. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून गावी परतले, यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, उतारावर चर खोदले गेले, नाल्यांना बांध पडले, आणि पारनेर तालुक्यातील हे पर्जन्यछायेतले, दारूच्या भट्ट्यांनी गांजलेले खेडे पुढे देशभर गाजले, ही हकीगत आता सर्वश्रुत आहे. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी व श्रमदान ही गावाची पंचसूत्रीही पुष्कळांस तोंडपाठ असते. मात्र आमच्या घरात ह्या पाच सूत्रांस एक सहावे जोडण्याचा उद्योग काही वर्षे चालला होता व तो सपशेल फसला, हे कोठेही लिहिलेले आढळणार नाही. ते सहावे सूत्र श्वानबंदीचे; आणि त्याचे प्रवर्तक आम्ही.

आमच्या नाकास कुत्र्याचे वावडे आहे. डॉक्टर मंडळी ह्यास ‘ॲलर्जी’ म्हणतात, व आता खेड्यातील आजीबाईंच्याही तोंडी तोच शब्द बसला आहे. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली ‘अन्य’ आणि ‘कार्य’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची मोट बांधून तो तयार केला. शब्द विद्वत्तेचा खरा, पण तो उसना घेण्याची आपल्या भाषेस गरज नव्हती. कोणास वांगे चालत नाही, कोणास शेंगदाण्याने अंगभर पुरळ उठते. त्यास ‘वावडे’ म्हणावे, हे आमच्या आयाबायांस पिर्केच्या किती तरी अगोदर ठाऊक होते. शिवाय ह्या शब्दात एक बारकावा आहे. नावड ही मनाची असते, वावडे हे देहाचे. ज्यास फणसाचे वावडे असते त्याच्याच तोंडास फणसाच्या वासाने पाणी सुटते. व्यवहारात मात्र ह्या दोहोंची गल्लत होते. आणि त्या गल्लतीचा आम्ही स्वतःच्या सोयीसाठी किती वर्षे लाभ उठविला, ते सांगावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

लहानपणी आम्हांस असले काही नव्हते. घरात पाच भावंडे, गोठ्यात दोन बैल व एक म्हैस, आणि दाराशी ज्याचे त्याने यावे अशी दोन-तीन कुत्री. खळ्यावर बाजरीची रास राखावयास वडिलांबरोबर निजावयास जात असू तेव्हा पायाशी कुत्रे असेच. पहाटेच्या गारठ्यात ते पायापासून पोटापर्यंत कधी सरकले, हे आम्हांस कळतही नसे. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन नावाच्या संशोधकाने ब्रिटनमधील सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यास असे दिसले की ज्या घरात भावंडे जास्त, त्या घरात गवताच्या परागांनी येणारी सर्दी कमी. बालपणी मळामातीशी, जंतूंशी ओळख झाली म्हणजे शरीरास पुढे शहाणपण येते, असा तर्क त्यावरून निघाला. पाच भावंडांच्या व दोन बैलांच्या ह्या घरातून निघालेल्या आमच्या शरीराने मात्र ह्या विद्वानाची मुळीच भीड ठेवली नाही.

पस्तिशी उलटल्यावर, नगरास महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असता, एका सहकाऱ्याच्या घरी त्यांच्या केसाळ कुत्र्याने आमच्या मांडीवर डोके ठेवले, आणि चहा येण्यापूर्वी आम्हांस लागोपाठ चौदा शिंका आल्या. डोळे लाल झाले, घशाला खाज सुटली, व रात्री छातीतून पाव्यासारखा आवाज येऊ लागला. त्यानंतर उपायांचा सुकाळ झाला. कोणी कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेली औषधी खीर चारली. कोणी मृग नक्षत्रावर हैदराबादेस जाऊन तोंडात औषध भरलेला जिवंत मासा गिळून येण्याचा आग्रह केला. खीर आम्ही खाल्ली. मासा गिळण्याचा प्रसंग आला नाही, ह्याचे श्रेय आमच्या कुटुंबाच्या शाकाहारास आहे. अखेर एका डॉक्टरांनी श्वासावाटे घ्यावयाचे औषध, ज्यास लोक ‘पंप’ म्हणतात, ते दिले व बजावले की धाप लागली म्हणजेच नव्हे, तर रोज नेमाने घ्या. आम्ही ते चारचौघांत घेण्यास लाजत असू. तंबाखू मळण्यास जो समाज लाजत नाही त्याने श्वास घेण्यास लाजावे, हे एक कोडेच आहे.

२०१२ साली आमचे वडील वारले. भाऊ पुण्यास, बहिणी आपापल्या घरी, आम्ही नगरास. राळेगणच्या घरात आई एकटी राहिली. तिला नगरास येण्याविषयी आम्ही विचारले, व ती “बघू” म्हणाली. आमच्या आईच्या कोशात ‘बघू’ ह्या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असाच होता. पुढच्या वर्षी चंपाषष्ठीच्या दिवशी दाराशी तांबूस रंगाचे, एक कान पडलेले पिलू येऊन बसले. पारनेर तालुक्यात कोरठणच्या खंडोबाची श्रद्धा मोठी. चंपाषष्ठीचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाच्या कुत्र्यास घालावयाचा, हा तर सर्वत्रचाच रिवाज. नेमक्या त्या दिवशी आलेला पाहुणा देवाने धाडलेला, ह्याविषयी तिच्या मनात संशय राहिला नाही. त्याचे नाव मोत्या पडले. अंगावर मोत्यासारखे काहीही नव्हते. पण महाराष्ट्रातील कुत्र्यांची नावे रंग पाहून ठेवतात कोठे?

ह्या मोत्याने आमच्या आईचे दिवस भरून टाकले. चराईबंदीमुळे गुरे दावणीलाच चारा खातात, त्यामुळे गावात मोकळे हिंडण्याचा परवाना काय तो कुत्र्यांसच उरलेला; पण हा गृहस्थ त्या परवान्याचाही उपयोग करीत नसे. ती दळण घेऊन निघाली की तो पुढे, देवळात गेली की पायरीशी, आणि रात्री तिच्या बाजेखाली. दूरध्वनीवर आम्ही प्रकृती विचारावी तर ती मोत्याची प्रकृती सांगे. आम्ही रविवारी जात असू, ते महिन्यातून एकदा जाऊ लागलो; मग सणावारी. गेलो तरी ओट्यावर खुर्ची टाकून बसावयाचे, चहा तेथेच घ्यावयाचा, व दिवेलागणीपूर्वी “छातीला त्रास होतो” म्हणून निघावयाचे. आई वेशीपर्यंत येई. तिच्यामागे मोत्या. मोटारीच्या आरशात ती दोघे लहान होत जात.

एकदा आम्ही बंदीचा अंमल करावयाचे ठरविले. तालुक्यातच एका नातलगांचा मळा आहे. राळेगणापासून आठ-नऊ मैलांवर. तेथे राखणीस कुत्रे हवेच होते. आई बहिणीकडे गेलेली पाहून आम्ही मोत्यास एका टेम्पोत घालून तेथे पोचते केले, व घर धुवून घेतले. इतक्या विचारपूर्वक केलेले दुष्कृत्य आमच्या हातून दुसरे घडलेले नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो परत आला. पंजे फुटलेले, मानेशी एक ओली जखम. वाटेत कोणत्या गावच्या कुत्र्यांनी त्यास अडविले असेल ते तोच जाणे. आई आदल्या सायंकाळीच परतली होती. तिने त्याच्या जखमेत हळद भरली, आणि आम्हांस एक शब्दही विचारला नाही. पुढे दोन महिने आमच्याशी बोलताना ती ‘तू’ ऐवजी ‘तुम्ही’ म्हणत होती. ज्याच्या आईने त्यास अहोजाहो केले आहे, त्यासच ही शिक्षा कळेल.

हा राग निवळल्यावर एकदा आम्ही तिच्यापुढे शास्त्र मांडून पाहिले. कुत्र्याच्या केसांनी हा त्रास होतो अशी सार्वत्रिक समजूत आहे, ती खरी नव्हे. खरा गुन्हेगार कुत्र्याच्या लाळेत व कातडीच्या कोंड्यात असतो. काही विशिष्ट प्रथिने, त्यांतील प्रमुखास शास्त्रज्ञांनी ‘कॅन एफ १’ असे तुरुंगातील कैद्यास शोभेल असे नाव दिले आहे. कुत्रे अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, आणि कपड्यांवर बसून जेथे कुत्रे कधी गेले नाही अशा शाळांत व कचेऱ्यांतही पोचतात. कुत्रे घरातून गेले तरी ते कण महिनेच्या महिने मागे राहतात. ज्याच्या शरीरास वावडे आहे त्याच्या रक्तात एक निराळ्या जातीचा पहारेकरी तयार झालेला असतो. १९६६ साली किमिशिगे व तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने अमेरिकेत त्यास हुडकून काढले, व त्याचे नाव ‘आयजीई’ पडले. निरुपद्रवी पाहुण्यास चोर समजून हा पहारेकरी हाकाटी करतो. पेशींतून हिस्टॅमीन नावाचे द्रव्य सुटते. नाक वाहते, श्वासनलिका आवळतात. आईने हे सर्व शांतपणे ऐकले व म्हणाली, “म्हंजी भुंकतंय ते तुझ्याच आतलं. मोत्या कुठं भुंकला?” इंग्रजीचा प्राध्यापक ह्यावर काय बोलणार?

ह्या प्रकरणातील कुत्र्याची बाजू पुढे एका ग्रंथात आमच्या वाचनात आली, आणि तिने आम्हांस बराच काळ अस्वस्थ केले. शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजातून सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करावयास निघाले होते. परत आल्यावर पॅरिसमध्ये त्यांनी तशाच प्रकारचे एक विष अगदी थोडे थोडे देऊन कुत्र्यांस त्यापासून अभय मिळते काय, हे पाहण्यास आरंभ केला. त्यांतील एका धष्टपुष्ट कुत्र्याचे नाव नेपच्यून. पहिली मात्रा त्यास सहज पचली. सुमारे तीन आठवड्यांनी, तो ठणठणीत असता, अतिशय अल्प अशी दुसरी मात्रा दिली, तोच त्यास धाप लागली, उभे राहवेना, आणि अर्ध्या तासाच्या आत तो मरण पावला. रक्षणाच्या हेतूने जे दिले त्यानेच शरीर उलटले, म्हणून रिशेने ह्या प्रकारास ‘रक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचे ग्रीक वळणाचे नाव दिले; १९१३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्याला त्याला शिंका का येतात हे सांगणाऱ्या शास्त्राच्या पहिल्या पानावर असा एक कुत्रा मरून पडलेला आहे. आणि शिंकणारे आम्ही, कुत्र्यांपासून आम्हांस उपद्रव होतो म्हणून तक्रार करतो!

आमच्या चिरंजीवांनी एक तोडगा काढला. वावडे होत नाही अशी कुत्री मिळतात, ती आजीस आणून देऊ, म्हणजे मोत्यास दुसरीकडे ठेवता येईल. त्यांच्या वाचनात वॉली कॉनरनची गोष्ट आली होती. ऑस्ट्रेलियात आंधळ्यांसाठी वाटाडी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत हा गृहस्थ काम करीत असे. हवाई बेटांतील एका अंध बाईस असे कुत्रे हवे होते, पण तिच्या यजमानांस कुत्र्याचे वावडे. कॉनरनने १९८९ च्या सुमारास लॅब्रॅडॉर आणि पूडल ह्यांचा संकर करून त्या दांपत्यासाठी कुत्रा तयार केला, आणि पाहता पाहता त्या संकराची जगभर टूम निघाली. पुढे तो स्वतःच म्हणू लागला की हे आपण केले नसते तर बरे झाले असते. अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा ह्यांच्या थोरल्या मुलीस असाच त्रास, म्हणून २००९ साली त्यांच्या घरी ‘बो’ नावाचा पोर्तुगीज जातीचा कुत्रा निवडून आणला गेला. परंतु २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी घराघरांतील धूळ तपासली, तेव्हा ह्या तथाकथित निर्धोक जातींच्या घरांत ‘कॅन एफ १’ कमी असल्याचे काही दिसले नाही. हे सर्व आईपर्यंत पोचलेच नाही. नातवाचे पहिले वाक्य ऐकूनच ती म्हणाली, “तुझ्या बापाला खोकला आहे म्हणून मी दुसरा मुलगा आणला का?”

तेव्हा आमची तपासणी झाली. नगरात नव्हे, पुण्यास. हाताच्या आतील बाजूस निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात, व पाव तासाने जेथे गांध उठेल ते वावडे. (आमच्या हातावर चांगल्या तीन गांधी उठल्या, राळेगणच्या मनुष्याने हा शब्द जपून उच्चारावा.) कुत्र्याची गांध होती, ह्यात शंका नाही. पण ती तिसऱ्या क्रमांकाची. दुसरी गाजरगवताची, १९५६ च्या सुमारास पुण्यात ज्याची प्रथम नोंद झाली व जे आज महाराष्ट्राच्या प्रत्येक बांधावर ठाण मांडून आहे, ते हे गवत. आणि सर्वांत थोरली, रुपयाएवढी, गांध उठली ती गाद्या-उशांच्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या किड्याची. म्हणजे ज्या नगरच्या घरात आम्ही ‘छातीला त्रास होतो’ म्हणून राळेगणाहून पळून येत होतो, त्या घरातील आमची कापसाची गादी, जाड पडदे आणि भिंतभर पुस्तके हेच आमच्या आजाराचे मुख्य माहेर! डॉक्टर म्हणाले, कुत्र्यापासून दूर राहिलात तर उत्तमच. पण निजण्याच्या खोलीत त्यास येऊ दिले नाही, फरशी ओल्या फडक्याने पुसली, चादरी कढत पाण्याने धुतल्या, औषध नेमाने घेतले, तर पुष्कळसे भागेल.

परतीच्या वाटेवर रांजणगाव येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. कुटुंबाने शेवटी विचारले, “मग आता रविवारी जायचं ना?” ह्या साध्या प्रश्नाने आमची जी अवस्था झाली ती कोणत्याही गांधेने झाली नव्हती. कारण खरी गोष्ट अशी की, राळेगणास न जाण्याची इच्छा मोत्यापेक्षा जुनी होती. आईजवळ बसले म्हणजे दहा मिनिटांत बोलणे संपे. ती भावकीतल्या बांधाचा वाद काढी. वडिलांच्या शेवटच्या आजारात आम्ही परीक्षेच्या कामावर होतो, ते ती काढीत नसे, पण न काढल्याने ते अधिकच समोर येऊन बसे. वर्गात एलिझाबेथ बॅरेटविषयी आम्ही दरवर्षी रंगून सांगतो: विम्पोल स्ट्रीटवरील बंद खोली, छातीच्या दुखण्याने खिळलेली कवयित्री, आणि तिच्या पायाशी अष्टौप्रहर पडून असलेला फ्लश नावाचा लहानसा स्पॅनियल. एकाकी मनुष्यास मुके जनावर काय असते, हे आम्ही मुलींच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत समजावून देत असू. आणि आमच्या आईच्या बाजेखाली जो फ्लश निजत होता त्यास मात्र टेम्पोत घालून परगावी धाडत होतो. मोत्या आमची जागा भरून काढीत होता, आणि ती आम्ही रिकामी का केली ह्याचे खापरही त्याच्याच माथी फोडले जात होते. रविवारी आम्ही गेलो. पण सवय अशी एकाएकी सुटत नाही. पुढच्या रविवारी परीक्षेचे काम निघाले.

अखेर आम्हांस तेथे राहावयास लावले ते सरकारी हुकुमाने. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. महाविद्यालय बंद झालेले, म्हणून आम्ही उभयतां दोन दिवसांसाठी राळेगणास आलो, आणि २४ तारखेच्या रात्री देशभर सर्व बंद झाले. दोन दिवसांचे कपडे घेऊन आलेले आम्ही दिवाळीपर्यंत तेथे राहिलो. त्या दिवसांत शिंकणारा मनुष्य म्हणजे गावावरचे संकट. पहिल्या आठवड्यात आमच्या शिंकांचा आवाज चार घरे ओलांडून गेला, व तरुण मंडळी तोंडाला फडकी बांधून चौकशीस आली. आईने दारातूनच सांगितले, “काही नाही, त्याला कुत्र्याचं आहे. लहानपणापासनं.” लहानपणापासून नव्हते, पण आमच्या अब्रूसाठी ती पहिल्यांदाच खोटे बोलली, म्हणून आम्ही दुरुस्ती केली नाही. गंमत अशी की, साऱ्या जगास जी मुखपट्टी नकोशी झाली होती, ती आमच्या नाकास मानवली. ती लावून आम्ही ओट्यावरून विद्यार्थ्यांना शेक्सपिअर शिकवीत असू, आणि पायरीखाली मोत्या कान टवकारून ऐके. हजेरीपटावरील कित्येकांपेक्षा त्याची उपस्थिती नियमित होती.

घराची व्यवस्था आईने लावली. माजघर आमचे, तेथे मोत्याने यावयाचे नाही. पडवी त्याची, तेथे रात्री आम्ही जावयाचे नाही. मधला उंबरठा ही सरहद्द. पहिल्या काही रात्री तो सवयीने आत येऊ पाही, कारण तिची बाज आत. तेव्हा ती उंबरठ्यावर बसे, हात आडवा धरी, आणि म्हणे, “हितवर.” ओरडणे नाही, काठी नाही, एवढाच शब्द. पाच-सहा दिवसांत तो शिकला. पण ती मात्र पुढेही रोज रात्री जेवणानंतर तेथेच बसू लागली. आम्ही लहान असता उंबरठ्यावर बसलो तर हीच बाई पाठीत धपाटा घाली, लक्ष्मीची वाट अडते म्हणून. आता तीच तेथे, एक हात बाहेर मोत्याच्या डोक्यावर, आणि तोंड आत आमच्याकडे. त्या आठ महिन्यांत ती आमच्याशी जितके बोलली तितके मागल्या वीस वर्षांत बोलली नसेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेली होती ते. आमच्या पाठचे एक भावंड गेले होते ते. वडिलांच्या शेवटच्या रात्रीविषयीही एकदा बोलली. “तू नव्हतास ते बरं झालं. तुला बघवलं नसतं,” एवढेच. मग मोत्याच्या पाठीवरील गोचीड काढू लागली.

एका रात्री आम्ही तिला महाभारत सांगत होतो. त्या ग्रंथाच्या आरंभी जनमेजयाच्या भावांनी विनाकारण मारलेल्या कुत्र्याची आई सरमा दाद मागावयास येते, आणि शेवटी धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. एवढा मोठा ग्रंथ दोन कुत्र्यांच्या मध्ये बसविला आहे, हे आम्ही तिला मोठ्या ऐटीत दाखवून दिले. ती म्हणाली, “धर्मराजाला शिंका येत नव्हत्या. शिंका येत असून नेलं असतं तर खरं.” ह्यावर आम्हीही हसलो, तीही, आणि हसता हसता आम्हांस सात शिंका आल्या.

२०२२ च्या मार्गशीर्षात ती गेली. दोन दिवसांचे दुखणे. आम्ही जवळ होतो. मोत्या पडवीत होता. तिला बाहेर आणले तेव्हा तो उठून उभा राहिला व वेशीपर्यंत आला. पुढे आला नाही.

तेराव्यानंतर त्याचे काय करावयाचे असा प्रश्न भावकीत निघाला. त्यास नगरास न्यावे असे कुटुंबाचे मत होते, परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत त्यास नेणे म्हणजे दुसऱ्यांदा टेम्पोत घालण्यासारखेच झाले असते. शेजारच्या घरी भाकरीची व्यवस्था लागली, व आम्ही दर शनिवारी जाऊन सोमवारी सकाळी परतू लागलो. आई असता जे जमले नाही ते तिच्या कुत्र्यासाठी जमले, ह्याचा लोकांनी काय अर्थ लावला असेल तो लावोत. पंप आता आम्ही चारचौघांत घेतो.

आज मोत्या म्हातारा झाला आहे. पडका कान तसाच. डोळ्यांवर निळसर साय धरली आहे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री वळवासारखा पाऊस आला. पडवीत झड येऊ लागली, तो भिंतीशी अंग चोरून थरथरत होता. आम्ही माजघरातून दार उघडले आणि म्हणालो, “ये रे, आत ये.” तो उठला, उंबरठ्यापाशी आला आणि थांबला. पुन्हा हाक मारली. त्याने शेपटी हलविली, पुढचे पाय उंबरठ्याला टेकविले, व आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून तेथेच बसला. शेवटी आम्ही भाकरीचा तुकडा आत दाखविला. पण तो हलला नाही. तेव्हा आम्ही उंबरठ्यावर बसलो व त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने कुटुंबाने आतून गोळी आणि पाण्याचे भांडे आणून दिले, आणि काही न बोलता आमची सतरंजी पडवीत, झड लागणार नाही अशा कोपऱ्यात, पसरून ठेवली. पाऊस पहाटेपर्यंत होता. आम्हांस एकंदर अकरा शिंका आल्या. दर शिंकेस मोत्या मान उचलून पाही, आणि पुन्हा पायांवर ठेवी.